कुत्रा निवडण्याआधी घराचे घड्याळ पाहावे

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, पुण्याबाहेरच्या ज्या निवारा केंद्रात मी मदतीला जाते तिथे, एक कुटुंब आपला दोन वर्षांचा हस्की सोडायला आले. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी आणि सहावीतला मुलगा. त्या मुलाच्या हट्टापायी ते पिल्लू घरी आले होते. कारणे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. कुत्रा पट्टा ओढतो आणि त्यात आजी एकदा जिन्यात पडल्या. दिवसभर एकटा राहिला की तो लांबलचक हेल काढून ओरडतो आणि शेजारी तक्रार करतात. केस घरभर होतात, आणि उन्हाळ्यात त्याच्यासाठी दिवसभर एसी चालू ठेवावा लागतो. सांगता सांगता मुलाच्या आईला रडू आवरेना. ही माणसे दुष्ट नव्हती आणि बेफिकीरही नव्हती; कुत्र्याचे सगळे लसीकरण वेळेवर झालेले होते आणि त्याची फाईल त्यांनी नीट लावून सोबत आणली होती. पण त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एकही असे नव्हते की जे पिल्लू घरी येण्याआधी कळू शकले नसते.

सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी ही जात बर्फावरच्या घसरगाड्या ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवली. ओढणे हे तिचे काम, मैलोन्‌मैल धावणे ही तिची भूक, हेल काढून सोबत्यांना साद घालणे हा तिचा स्वभाव आणि केसांचे दुहेरी दाट आवरण ही तिची गरज. १९२५ साली अलास्कातल्या नोम या गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या वीस तुकड्यांनी आळीपाळीने, भर हिवाळ्यात, हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून औषध पोचवले; त्या तुकड्यांमध्ये हस्की कुत्रे होते. ज्या गुणांनी तिथल्या मुलांचे प्राण वाचवले, तेच गुण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोष ठरतात. त्यात कुत्र्याचे काही चुकत नाही.

ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात, ‘कुत्रा पाळायचा आहे, कोणता घेऊ?’ उत्तरात त्यांना एखाद्या जातीचे नाव हवे असते. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्नच उलट्या बाजूने विचारला जातो. आपण आधी कुत्र्याचे चित्र मनात धरतो आणि मग घर, माणसे, ऋतू आणि नोकरीच्या वेळा त्या चित्रात बसवू पाहतो. निवड सुरू व्हायला हवी ती आपल्या दिवसाच्या वेळापत्रकापासून, आणि ती बहुतेक घरांत संपायला हवी ती पिल्लापाशी नव्हे, तर ज्याचा स्वभाव आधीच दिसतो आहे अशा वाढलेल्या कुत्र्यापाशी. हा केवळ खासगी आवडीनिवडीचा विषय असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण चुकीच्या निवडीची किंमत त्या घराखेरीज इतरांनाही मोजावी लागते. ती शेजारी मोजतात, महापालिका मोजते, निवारा केंद्रे मोजतात, आणि सर्वांत जास्त ते जनावर मोजते.

गेल्या वर्षभरात भटक्या कुत्र्यांवर जेवढे बोलले गेले तेवढे बहुधा आधीच्या दशकात बोलले गेले नसेल. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता, बाकीच्यांना निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांच्या मूळ जागी सोडण्यास सांगितले. त्या दुसऱ्या आदेशातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली: ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची राहील. ही जबाबदारी पेलायची तर कोणत्या घरात कोणता कुत्रा टिकेल हे आधी पाहणे भाग आहे. भावनेच्या भरात घेतलेला कुत्रा भावना ओसरली की रस्त्यावर येतो, मग तो विकत घेतलेला असो की दत्तक.

तर आधी घड्याळ. वाढलेल्या कुत्र्याला दिवसातून निदान तीनदा बाहेर न्यावे लागते, आणि त्यातल्या दोन फेऱ्या नुसत्या शी-शूच्या नव्हेत, तर अर्धा-पाऊण तास वास घेत, थांबत, चालण्याच्या असाव्या लागतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि रात्रीही एकदा-दोनदा न्यावे लागते. आता हे वेळापत्रक बदलापूर किंवा विरारहून मुंबईत कामाला जाणाऱ्या जोडप्याच्या दिवसावर ठेवून पाहा. सकाळी सातला घर सुटते आणि रात्री आठला दार उघडते. मधले तेरा तास पिल्लू एकटे असते. ते फरशी घाण करते, चपला आणि सोफा कुरतडते, भुंकते, आणि काही महिन्यांतच एकटेपणाच्या भीतीने असे होऊन जाते की घरातल्या माणसाने नुसती पर्स खांद्याला लावली तरी ते थरथरू लागते. अशा घराने पिल्लू घेऊ नये, कोणत्याही जातीचे घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते, आणि त्यामुळे अनेक जण माझ्यावर नाराज झाले आहेत. ‘आम्ही रविवारी त्याला खूप वेळ देऊ’ हे उत्तर मला दर महिन्याला ऐकायला मिळते. कुत्र्याला रविवार कळत नाही.

घड्याळासोबत पंचांगही पाहावे लागते. जुलैत सलग आठ दिवस पाऊस लागलेला असताना सकाळी सहाला रेनकोट घालून कोण उतरणार? गणपतीला सगळे घर कोकणात जाते, तेव्हा कुत्रा कुठे राहणार? रेल्वेने न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे मिळवावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागते, आणि ज्याने तो अनुभव एकदा घेतला तो पुन्हा घेत नाही. दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली शिरून बसलेल्या जनावरापाशी चार रात्री कोण थांबणार? या प्रश्नांची उत्तरे घरातल्या प्रत्येकाने आपापल्या तोंडाने द्यायला हवीत. ‘मी करीन’ म्हणणारा मुलगा सहावीत असला तर चार वर्षांनी त्याची दहावी येणार आहे, आणि कुत्र्याचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे असते. म्हणजे जो मुलगा आज पिल्लू मागतो आहे, तो कुत्रा म्हातारा होईल तेव्हा बहुधा दुसऱ्या शहरात असेल, आणि आंधळ्या, सांधे धरलेल्या त्या कुत्र्याला उचलून जिना उतरणारे हात त्याच्या आईवडिलांचे, तेही साठीकडे झुकलेले, असतील. ज्या घरात हा हिशेब बसतो त्या घराने कुत्रा जरूर आणावा. त्याच्या इतका लळा लावणारे जनावर दुसरे नाही, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

हवामानाकडे आपण जितके दुर्लक्ष करतो तितके इतर कशाकडेच करत नाही. माणसासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी जवळजवळ पंजांपुरत्याच असतात, आणि शरीर थंड ठेवण्याचे मुख्य काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यातून होते. तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत उडून जातो तेव्हा उष्णता बाहेर पडते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हा ओलावा नीट उडत नाही, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो तेव्हा बाहेरची हवाच अंगापेक्षा तापलेली असते. म्हणजे आपल्या राज्यात कोरडा उन्हाळा असो वा दमट, दाट केसांच्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याची ही एकमेव युक्तीही अपुरी पडते. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाके माणसाने हौसेपोटी आखूड केली, पण नाकाच्या आतली मांसल रचना त्याच प्रमाणात आखूड झाली नाही. ती दाटीवाटीने आत राहिली आणि श्वासाची वाट अडवू लागली. पग घोरतो तेव्हा घरातली माणसे कौतुकाने हसतात. प्रत्यक्षात ते जनावर हवेसाठी झगडत असते. २००३ च्या सुमारास हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे जाताना दिसला आणि बघता बघता शहराशहरांत पगची मागणी वाढली. जाहिरातीतली ती वाट हिरवीगार आणि थंड होती. ज्या घरांत ते पग आले तिथल्या गच्च्या दुपारी तव्यासारख्या तापत होत्या, याचा विचार घेणाऱ्याने केला नाही आणि विकणाऱ्याने तो करू दिला नाही.

इमारतीकडेही असेच पाहावे. पुण्यातल्या पेठांमध्ये, डोंबिवलीत, जुन्या गिरगावात लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती आजही पुष्कळ आहेत. डॅशहुंड हा आखूड पायांचा, लांब पाठीचा कुत्रा बिळात शिरून बिज्जू हुसकावण्यासाठी घडवलेला. त्याच्या मणक्यातल्या चकत्या सरकण्याचा धोका मोठा, आणि दिवसातून सहा वेळा जिना चढणे-उतरणे त्याच्या पाठीला सोसत नाही. तीस किलोचा लॅब्रॅडॉर तरुणपणी तेच जिने उड्या मारत चढेल, पण दहाव्या वर्षी खुबे दुखू लागले की त्याला खाली कोण नेणार, हा प्रश्न घर घेताना नाही, तर कुत्रा घेताना विचारायचा असतो.

प्रत्येक जात हे मुळात एक काम आहे. बीगल सशाचा माग काढण्यासाठी टोळीने धावत असे आणि माग लागला की मोठ्या आवाजात वर्दी देत असे. तो आवाज मैदानात मैलभर जावा म्हणून जोपासलेला आहे, भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटसाठी नव्हे. जर्मन शेफर्ड १८९९ पासून मेंढ्या राखण्याच्या कामातून रीतसर जात म्हणून घडवला गेला. त्याला काम दिले नाही तर तो स्वतः काम शोधतो आणि मग घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची, कुरिअरवाल्याची राखण करू लागतो. लॅब्रॅडॉर न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत थंड पाण्यात काम करत असे, आणि आपल्याकडे त्याची ओळख ‘सगळ्यांत गुणी, सगळ्यांत सोपा’ अशी झाली आहे. गुणी तो खराच. पण २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांमध्ये भूक भागल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे ताटाकडे बघत बसलेला लॅब्रॅडॉर अनेकदा खरोखरच भुकेला असतो, आणि आजी त्याला तूप लावलेली पोळी देत राहतात. आमच्या केंद्रावर आलेले बहुतेक लॅब्रॅडॉर चालताना डुलतात. प्रेमाने भरवून आणि चालवायला वेळ न काढून आपण त्यांचे सांधे मोडतो.

येथपर्यंतचे वाचून कोणी म्हणेल की मग जातीचाच विचार करा, घराला साजेशी जात निवडा, म्हणजे प्रश्न सुटला. तो अर्धाच सुटतो. शरीर, केस, नाक, आकार आणि जातीला जडलेले आजार यांच्याबद्दल जात पुष्कळ सांगते. स्वभावाबद्दल ती फार थोडे सांगते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळालेल्या माहितीवर आणि त्यांपैकी काही कुत्र्यांच्या जनुकांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीमुळे असतो, असे त्यात आढळले. म्हणजे ‘गोल्डन रिट्रीव्हर मुलांना कधीच चावत नाही’ हे वाक्य सांगणारा माणूस त्या पिल्लाविषयी काहीच सांगत नसतो. त्या पिल्लाची आई कशी होती, पहिले तीन महिने त्याने काय पाहिले, किती माणसांनी त्याला मायेने हाताळले, त्याला साखळीला बांधून ठेवले होते का, या गोष्टी जास्त बोलतात, आणि विकत घेणाऱ्याला नेमक्या याच गोष्टी कधी दाखवल्या जात नाहीत.

याच कारणासाठी मी वाढलेल्या कुत्र्याचा आग्रह धरते. पाच आठवड्यांचे पिल्लू हे बंद पाकीट असते; ते किती वाढेल, किती भुंकेल, लहान मुलांना सहन करील का, एकटे राहू शकेल का, यातले काहीही त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. तीन-चार वर्षांचा कुत्रा मात्र जसा आहे तसा समोर उभा असतो. तो मांजर पाहून काय करतो, जिना कसा उतरतो, खाण्याच्या भांड्यापाशी कोणी गेले तर गुरगुरतो का, आजींच्या काठीला घाबरतो का, हे सगळे एका सकाळी पाहता येते, आणि दोन-तीन भेटींनंतर काही दिवस घरी नेऊन अजमावता येते. निवाऱ्यात काम करणारे लोक म्हणतात की नव्या घरात पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराची रीत कळते आणि तीन महिन्यांत तो घरचा होतो. माझ्या पाहण्यात हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरला आहे.

‘लहानपणापासून वाढवले तरच लळा लागतो’ ही समजूत मी शंभर वेळा ऐकली असेल. आमची काळी आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. एका कानाला निर्बीजीकरणाची खाच, मागच्या पायावर जुन्या अपघाताचा व्रण, आणि झाडू हातात घेतला की कोपऱ्यात अंग चोरून बसण्याची सवय. आम्ही तिला निवडले त्यामागे एकच कारण होते: मी घरून काम करते, माझ्या सासऱ्यांना दुपारी शांतता लागते, आणि केंद्रातली मावशी म्हणाली की ही कुत्री दुपारभर झोपते आणि संध्याकाळी फिरायला मागते. तेवढ्यावरून ठरले. आज सासऱ्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी तिची जागा आहे. ते उठले की ती उठते, आणि त्यांच्या चालीने चालते. पट्टा ताणलेला मी एकदाही पाहिला नाही. पिल्लूपणाचे वर्ष आमच्या वाट्याला आले नाही, याची खंत आम्हांला कधी वाटली नाही.

देशी कुत्र्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका बाजूला ‘गावठी कुत्रा घरात शोभत नाही’ असे म्हणणारे, ज्यांना कुत्रा दिवाणखान्यात मिरवायचा असतो. त्यांच्याशी वाद घालण्यात मी फार वेळ घालवत नाही. खंडोबाच्या मूर्तीपाशी कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, धनगरांच्या वाड्यावर मेंढरांइतकाच मान राखणीच्या कुत्र्याला असतो, आणि त्यांतल्या एकाकडेही वंशावळीचे प्रमाणपत्र नसते. पण दुसऱ्या टोकाला ‘देशी कुत्र्याला काहीच लागत नाही, तो आजारी पडतच नाही’ असे सांगणारे प्राणिप्रेमी आहेत, आणि ते आपलेच असले तरी त्यांचे हे म्हणणे खोटे आहे. आखूड केस, सडपातळ बांधा आणि शतकानुशतके याच हवेत टिकून राहिलेले शरीर यांमुळे तो इथल्या उन्हाळ्याला सरस ठरतो हे निर्विवाद. तरीही त्याला पार्व्हो हा विषाणूचा आजार होतो, गोचिडांमुळे येणारा ताप होतो, रेबीज होऊ शकतो. लसी आणि गोचिडांवरचे औषध त्यालाही लागते. तो सावध असतो, अनोळखी माणसावर लवकर विश्वास टाकत नाही, दारावरच्या प्रत्येक चाहुलीला भुंकतो. जिथे दिवसभर माणसांची ये-जा असते, शिकवणीची मुले येतात, अशा घरात भित्रा देशी कुत्रा नेला तर त्याचे हाल होतात. तिथे शांत, माणसांना सरावलेला, वाढलेला कुत्राच हवा, आणि तसे देशी कुत्रे निवाऱ्यांत भरपूर आहेत. फक्त घेणारा थंडीत जन्मलेल्या गोंडस पिल्लांच्या टोपलीपाशी थांबतो आणि पुढे येत नाही.

देशी जातींचा अभिमान ही आणखी एक नवी वाट. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, आज कर्नाटकात असलेल्या मुधोळचा शिकारी कुत्रा, लातूरकडे आणि मराठवाड्यात मेंढपाळांनी व शेतकऱ्यांनी सांभाळलेला कारवान, तमिळनाडूचे राजपालयम आणि चिप्पिपराई ही आपली खरी संपत्ती आहे. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्ले मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींची नावे घेतली, याचा मला आनंदच आहे. पण मुधोळचा कुत्रा नजरेने शिकार हेरून उघड्या माळावर वाऱ्यासारखा सुटण्यासाठी घडला आहे. त्याचे लांब पाय, खोल छाती आणि बारीक कंबर पाहिली की डोळे निवतात, आणि नेमके तेच शरीर सांगते की याला रोज मोकळे धावायला जागा पाहिजे. रस्त्यापलीकडे मांजर दिसले आणि पट्टा हातातून सुटला तर तो गाडी पाहत नाही. हस्कीऐवजी मुधोळ आणून तोच फ्लॅट, तेच तेरा तास आणि तीच बाल्कनी त्याच्या वाट्याला देणे ही चूक तीच, फक्त देशाभिमानाच्या नावाखाली केलेली. ज्याच्याकडे लातूर-धाराशिवकडे शेत आहे, कुंपण आहे आणि घरात दिवसभर माणसे आहेत, त्याने कारवान अवश्य पाळावा. शहरातल्या हौशी मंडळींपेक्षा त्याच्यामुळेच ही जात टिकेल.

कायद्याने काय करावे, याबद्दल माझे मत गेल्या काही वर्षांत बदलले. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवण्याची सूचना राज्यांना केली. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता हे झाले, म्हणून एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या वेळी मला ती सूचना योग्य वाटली होती. आता वाटते की जातींची यादी करून आपण चुकीच्या दारावर पहारा बसवतो. चाळीस किलोचा, मजबूत जबड्याचा कुत्रा नवख्या माणसाच्या हाती देऊ नये हे खरे, पण तो कोणाच्या हाती दिला जातो आणि देणारा काय विचारतो, हे त्या यादीने ठरत नाही. याउलट कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीचे २०१७ चे केंद्रीय नियम आधीपासून आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, मादीला अठरा महिन्यांआधी आणि आठ वर्षांनंतर प्रसूतीला लावू नये, तिची आयुष्यात पाचांपेक्षा अधिक बाळंतपणे करू नयेत, असे ते सांगतात. आणि मी गेल्याच हिवाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात, डोळे जेमतेम स्थिरावलेली, पाच आठवड्यांची पिल्ले फोनवर ठरवून चौकात हातोहात दिली जाताना पाहिली. आईपासून इतक्या लवकर तोडलेले पिल्लू भावंडांशी खेळताना दात किती जोरात लावायचे हे शिकलेलेच नसते. वर्षभराने ते घरातल्या मुलाला चावते आणि दोष जातीला जातो.

माझी मागणी साधी आहे. हे नियम अमलात आणा, आणि त्यात एक भर घाला: विकणाऱ्याने किंवा दत्तक देणाऱ्याने घेणाऱ्याला लेखी प्रश्न विचारावेत आणि पहिल्या भेटीनंतर आठ दिवसांच्या आत जनावर देऊ नये. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती आहे का? दिवसा घरी कोण असते? लिफ्ट आहे का? गावी जाताना कुत्रा कोणाकडे राहील? कुत्रा आजारी पडला तर महिन्याला किती खर्च झेपेल? (आमच्या सतरा किलोच्या काळीचे खाणे, औषधे आणि डॉक्टर धरून महिन्याला तीन-चार हजार रुपये जातात, मोठ्या, लांब केसांच्या कुत्र्याला याच्या दुप्पट सहज लागतात.) महापालिकेत कुत्र्याचा परवाना काढावाच लागतो. तो आज कुत्रा घरी आल्यानंतरची औपचारिकता झाला आहे. हेच प्रश्न त्या अर्जात असले आणि अर्ज कुत्रा येण्याआधी भरायचा ठरला, तर त्याच कागदाचे मोल किती वाढेल. आठ दिवस थांबायला लावले तर विक्री घटेल, अशी तक्रार पैदास करणारे करतील. ज्यांची घाईच आठ दिवसांत विरते अशा घरांतली विक्री घटावी, हेच मला हवे आहे.

गृहनिर्माण संस्थांबद्दल थोडेच सांगते. कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही किंवा लिफ्ट नाकारता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, आणि ते योग्यच आहे. पण शेजाऱ्याला रात्रभर चालणारा आक्रोश ऐकावा लागतो तेव्हा त्याची तक्रार बहुतेक वेळा त्या घराने केलेल्या निवडीविरुद्ध असते. कुत्र्याचा द्वेष त्यात क्वचितच असतो. निवड नीट झाली असती तर सोसायटीच्या सभेत निम्मी भांडणे उभीच राहिली नसती.

आणि ज्यांचे घड्याळ आज कुत्र्याला जागा देत नाही त्यांचे काय? अशा माणसांना मी कुत्रा घेऊ नका असे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे उतरतात, आणि ते मला पाहवत नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांचे प्रेम खरे असते. त्या हस्कीला सोडायला आलेल्या कुटुंबातला मुलगा आता दर दुसऱ्या शनिवारी वडिलांसोबत केंद्रावर येतो. हस्की एका माळावरच्या, भरपूर मोकळी जागा असलेल्या थंड घरी, महाबळेश्वराच्या बाजूला गेला. मुलगा पहिल्या दिवशी रिकाम्या कोठडीसमोर बराच वेळ उभा राहिला, मग एका नऊ वर्षांच्या आंधळ्या देशी कुत्रीला घेऊन कुंपणाच्या कडेने तासभर हिंडला. आमच्याकडे शनिवारी सकाळी साठेक कुत्री असतात आणि फिरवायला सहा-सात माणसे. दारामागच्या खिळ्यांना पट्टे लावलेले असतात. साडेसातला फाटक उघडते.